कोपऱ्यात बसायला शिकवणं

"मी दरवेळी पहिल्या वीस सेकंदांतच का मरतो रे?" दाजींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. हॅलो नाही, कसा आहेस नाही, सरळ हेच.

दाजी म्हणजे ताईचा नवरा, वय 47. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांनी आयुष्यात एकही शूटर गेम खेळला नव्हता. पण भाचा मोठा झाला, घरात बोलणं कमी झालं, रात्री दार लावून हेडफोन घालून काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा ऑनलाइन गेम, आणि आतनं त्याचे हसण्याचे, ओरडण्याचे आवाज बाहेर यायचे. दाजींना वाटलं की तो जिथे हसतो तिथेच आपण जाऊन बसावं. म्हणून त्यांनी जुन्या लॅपटॉपवर गेम टाकला आणि पोराच्या टीममध्ये पाचवा म्हणून जायला लागले. पोरगा नाही म्हणाला नाही, हे मला आजही फार मोठं वाटतं. पण व्हायचं काय, की राउंड सुरू झाला की दाजी सगळ्यांबरोबर धावत निघायचे, पहिल्या कोपऱ्यावर मरायचे आणि मग बाकीचा राउंड दुसऱ्यांच्या खांद्यावरनं बघत बसायचे. या गेममध्ये दोन टीम, एक बॉम्ब लावायला बघते, दुसरी तो निकामी करायला, आणि मेलेला माणूस त्या राउंडात परत उठत नाही. राउंड 115 सेकंदांचा, त्यात बॉम्ब लागला तर वरनं अजून 40. तासभर खेळून त्यातली दहा-बारा मिनिटंच प्रत्यक्ष खेळलेली. बाकी नुसतं बघणं.

मी या गेममध्ये 1.6 या जुन्या आवृत्तीच्या काळापासून आहे, म्हणून ते माझ्याकडे आले.

आता अशा माणसाला शिकवायचं काय? सगळे सांगतात एम (नेम) सुधार, एम ट्रेनर लाव, रोज अर्धा तास बॉट (कॉम्प्युटरचे खेळाडू) मार. हे सांगणारे सगळे विशीतले असतात आणि त्यांच्याकडे वेळ असतो. भाच्याचे या गेममध्ये हजारो तास झालेत. दाजींना आठवड्याला मिळतात चार, तेही दिवसभराचं काम उरकून, डोळे लाल झालेले असताना. डोळ्याला काही दिसल्यापासून बोटानं क्लिक होईपर्यंत माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, सरावानं आणि वयानं त्यात थोडाफार फरक पडतो, पण समोरासमोरच्या मारामारीत तो थोडाफार फरकच सगळं ठरवतो. तिथे मी दाजींना कितीही शिकवलं तरी ते हरणारच होते. म्हणून मी त्यांना ते शिकवलं ज्याला लोक नाकं मुरडतात. कोपऱ्यात बसणं. आवाज न करता थांबणं. समोरचा जिथनं येणार तिथे आधीच क्रॉसहेअर (नेमाची खूण) लावून ठेवणं, म्हणजे बघून, ठरवून, नेम धरून मारायची वेळच येत नाही, तो स्वतःच नेमावर येऊन उभा राहतो. सरळ भाषेत कॅम्पिंग.

कॅम्पर हा शब्द शिवीसारखा वापरला जातो हे काही आजचं नाही. 1.6 च्या वेळी लोकांचे स्वतःचे सर्व्हर असायचे, आणि त्यातल्या बऱ्याच सर्व्हरवर अँटी-कॅम्प प्लगइन लावलेलं असायचं. एका जागी जास्त वेळ बसलात की आधी वॉर्निंग यायची, मग थपडा बसून हेल्थ कमी व्हायची. ऑप (AWP) या स्नायपर बंदुकीवर बंदी असलेले सर्व्हरही होते, कारण काय तर छातीत-पोटात एक गोळी लागली की माणूस संपतो, हे बरोबर नाही. गेमनं त्या बंदुकीची किंमत गेममधल्या पैशांत 4750 ठेवलेली आहे, म्हणजे ती घेऊन मेलात तर पुढचा राउंड बहुतेक पिस्तुलावर काढायचा, हा हिशोब गेमनं आधीच केलाय, तरी लोकांना वाटायचं की हे चीटिंगच. मला तेव्हाही ते तसंच वाटायचं. मी स्वतः त्या सर्व्हरवर खेळायचो आणि कोपऱ्यात बसणाऱ्याला व्होट देऊन बाहेर काढायचो, आणि आपण काहीतरी न्यायाचं करतोय असं वाटायचं.

मग हळूहळू लक्षात आलं की या सगळ्या न लिहिलेल्या नियमांमधनं एकाच प्रकारच्या माणसाचा फायदा होतो. ज्याचा हात वेगवान आहे त्याचा. कॅम्प करायचं नाही, ऑप घ्यायची नाही, पाठीमागनं मारायचं नाही, समोर ये आणि लढ. समोर येऊन लढलं की जिंकणार कोण हे आधीच ठरलेलं. ज्याला 'मर्दासारखं खेळ' म्हणतात त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी जिथे जिंकतो तिथे ये' एवढाच असतो.

आणि जुन्या गोष्टी आठवून बघा, आज जे स्किल म्हणून मिरवलं जातं त्यातलं किती कधीकाळी घाण समजलं जायचं. क्वेक या जुन्या शूटर गेममधला रॉकेट जंप घ्या, पायाखाली रॉकेट मारून स्वतःचीच हेल्थ खर्च करून वर उडायचं. स्ट्रेफ जंप घ्या, तो तर फिजिक्सच्या कोडातल्या एका फटीतनं आलेला, तिरकं धावत उड्या मारत राहिलं की वेग वाढतच जातो. क्वेक थ्रीच्या वेळी, 1999 साली, क्वेकचा प्रोग्रामर जॉन कार्मॅकनं स्वतः तो काढून बघितला होता, पण तो काढला की साधं धावणंच विचित्र वाटायला लागलं, म्हणून परत ठेवला. आणि मग त्याच फटीवर अख्खा खेळ उभा राहिला. त्याच क्वेकमध्ये ड्युएल, म्हणजे एकास एक, खेळणारे रेड आर्मर (लाल चिलखत) दर 25 सेकंदांनी येतं हे मनात मोजत बसायचे आणि बरोबर त्या सेकंदाला तिथे हजर असायचे, समोरच्याला आयुष्यभर आर्मर मिळायचं नाही. नव्या माणसाला हे भयंकर अन्यायाचं वाटतं. माहीत झालं की तोही मोजायला लागतो.

माहीत होणं, बस. माझं सगळं म्हणणं याच शब्दाभोवती आहे. हात वेगवान करायला वर्षं लागतात. माहिती एका संध्याकाळी देता येते. जे वर्षानुवर्षं खेळतात त्यांच्याकडे हातही असतो आणि माहितीही, आणि कॅज्युअल खेळणाऱ्याकडे दोन्ही नसतं, वर त्याला सांगितलं जातं की यातलं जे तुला आज मिळू शकतं ते घेणं कमीपणाचं आहे.

तर दाजींना मी आधी हे समजावलं की कोपऱ्यात बसणारा सुरक्षित असतो हाच मुळात गैरसमज आहे. ऑनलाइन गेममध्ये जो कोपऱ्याच्या बाहेर येतो त्याला बसलेला माणूस आधी दिसतो. कारण साधं आहे, तो त्याच्या स्वतःच्या मशीनवर पुढे सरकतो त्याच क्षणी त्याला तुम्ही दिसता, तुम्ही तर हललेलेच नाही, पण तो सरकला ही बातमी सर्व्हरकडे जाऊन मग तुमच्या स्क्रीनवर येईपर्यंत थोडा वेळ जातो. पीकर्स ॲडव्हांटेज म्हणतात याला. म्हणजे नुसतं एका कोपऱ्यात बंदूक रोखून बसलात तर चांगला खेळाडू तुम्हाला तुमच्या आधी मारणार, नेट कितीही बरं असलं तरी. दाजी म्हणाले, "मग बसून उपयोग काय?" हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण इथून खरं शिकणं सुरू होतं. उपयोग तेव्हा, जेव्हा तुम्ही तो जिथे बघणार तिथे नसता. चांगला खेळाडू नेहमीच्या जागा तपासत येतो, त्याचा क्रॉसहेअर आधीच त्या जागांवर फिरत असतो, म्हणून नेहमीच्या जागेपासून दोन पावलं बाजूला उभं राहायचं. आणि एकदा मारलं की तिथे परत बसायचं नाही. आणि तो सगळ्या जागा तपासायला वेळ नसताना, बॉम्बचा टायमर चालू असताना येईल असं बघायचं. म्हणजे कॅम्पिंग ही सगळी समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज लावायची गोष्ट आहे, आणि 47 वर्षं माणसांत वावरलेल्या माणसाला ते विशीतल्या पोरापेक्षा जास्त जमू शकतं. जमलंही.

नंतर लाइनअप, म्हणजे ठरलेल्या जागेवरनं ठरलेला नेम धरून ग्रेनेड टाकणं. इन्फर्नो या मॅपवर बी साइटवर (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक) बॉम्ब लावायचा, तिथे थांबायचं नाही, बनाना नावाच्या गल्लीत मागे यायचं आणि ठरलेल्या जागी उभं राहून छपराच्या ठरलेल्या कडेवर क्रॉसहेअर ठेवून मॉली (पेटती बाटली, मोलोटॉव्ह) टाकायची, ती न बघता जाऊन बरोबर बॉम्बवर पडते. किट नसेल तर डिफ्यूजला, म्हणजे बॉम्ब निकामी करायला, 10 सेकंद लागतात, किट असेल तर 5, आणि आग तिथे 7 सेकंद जळते. बघा हिशोब. दाजींनी याच्यासाठी एक वही केली. खरी कागदाची वही. त्यात पेन्सिलनं भिंती, कडा, खिडक्या काढलेल्या, कुठे उभं राहायचं तिथे फुली, कुठे बघायचं तिथे गोल, खाली लिहिलेलं 'उडी मारून टाकणे', 'हळू टाकणे'. मी इतकी वर्षं खेळतोय, मी असं काही कधी केलं नाही.

इथे मला एक दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर मी खोटं बोलल्यासारखं होईल.

दाजींच्या आधी मी ऑफिसातल्या एका ज्युनियरला शिकवलं होतं. त्याचा गेम रेनबो सिक्स सीज, त्यात एक टीम बिल्डिंगवर हल्ला करते आणि दुसरी आतनं ती राखते. त्याला मी स्पॉन पीक शिकवलं. म्हणजे अटॅकर जिथे राउंडच्या सुरुवातीला उभे राहतात ती जागा बिल्डिंगच्या ज्या खिडकीतनं दिसते, तिथे डिफेंडरनं पहिल्याच सेकंदाला पोचायचं, खिडकी फोडायची आणि अजून बंदूकही वर न केलेल्या माणसाला मारून परत आत यायचं. त्याला ते इतकं आवडलं. पहिल्याच संध्याकाळी सहा-सात जण मारले, मला मेसेजवर मेसेज, दादा तू म्हणजे ग्रेट आहेस. मी पण खूश. मी त्याला चार मॅपच्या चार खिडक्या दिल्या आणि त्याच्या पलीकडे काहीही दिलं नाही. का चालतं ते सांगितलं नाही, समोरच्यानं काय केलं की चालत नाही ते सांगितलं नाही, खिडकीवर नसताना काय करायचं तेही नाही. नंतर गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टनं मॅप बदलत आणले, कुठे आडोसे टाकले, कुठे स्पॉनच्या जागा हलवल्या, कारण कंपनीलाही हे पटत नव्हतं की माणूस गेम सुरू करून लगेच मरतो आणि पुढची जवळजवळ तीन मिनिटं नुसता बघत बसतो. त्याच्या खिडक्या गेल्या. तो काही दिवस तिथेच धावत राहिला, मग मरायला लागला, मग खेळणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, मजा नाही येत आता. त्याला मजा येत होती ती मी दिलेली होती आणि ती उसनी होती, हे मला फार लागलं. त्याची काही चूक नव्हती. मी शिकवलंच चुकीचं.

त्यातलं अजून एक लागलं. तो ज्यांना मारायचा ते कोण होते? कॅज्युअल लॉबीतले, त्याच्यासारखेच, दिवसभराचं काम करून आलेले. म्हणजे मी ज्या माणसासाठी हे सगळं करतोय असं म्हणत होतो त्याच माणसाची संध्याकाळ मी दुसऱ्याच्या हातनं खराब करत होतो.

तेव्हापासून मी एक बघतो. जो मरतो त्याच्याकडे काही उत्तर आहे का? कोपऱ्यात बसलेल्याला उत्तर आहे, फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) टाक, कोपरा तपास, दुसऱ्या रस्त्यानं जा. बॉम्बवरच्या मॉलीला उत्तर आहे, स्मोक टाकला की आग विझते आणि त्याच धुरात डिफ्यूज करता येतं, किंवा एक जण मागनं येऊन मॉली टाकणाऱ्याला शोधू शकतो. स्पॉन पीकला उत्तर आहे पण ते फक्त जुन्या माणसाला माहीत असतं, म्हणून ते मी शिकवतो ते उलट्या बाजूनं, आधी त्यापासून वाचायचं कसं, आणि रँक्डमध्ये (जिथे रँकसाठी खेळतात) वापर, कॅज्युअलमध्ये नको असं सांगून. पण छोट्या मॅपवर समोरच्या टीमला त्यांच्याच स्पॉनमध्ये कोंडून ठेवणं, उठला की मार, उठला की मार, याला आतनं काहीच उत्तर नसतं. ते मी शिकवत नाही. ज्यानं विचारलं त्याला नाही म्हणून सांगितलंय.

आणि मॅपच्या चुका वापरणं, ते वेगळंच. 2014 च्या ड्रीमहॅक विंटर या काउंटर-स्ट्राइक टूर्नामेंटला ओव्हरपास या मॅपवर फ्नॅटिक टीमचे खेळाडू एकमेकांच्या डोक्यावर चढून अशा जागी पोचले जिथे कुणी उभं राहील असं मॅप बनवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं, तिथनं मॅपचा केवढा तरी भाग दिसत होता. समोर एलडीएलसीची टीम. फ्नॅटिकनं हरत आलेली मॅच फिरवली, मग तक्रारी झाल्या, मॅप परत खेळायचा निर्णय झाला, शेवटी फ्नॅटिकनं सामनाच सोडला आणि पुढे एलडीएलसीनं ती टूर्नामेंट जिंकली. मला त्यात राग येण्यापेक्षा वाईट वाटतं. ती जागा त्यांनी तासन्‌तास शोधली असणार, ती मेहनतच होती, पण समोरच्याला जे दिसतच नाही त्याच्याशी तो लढणार कसा.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, कारण व्हायचं तेच झालं. दाजी मारायला लागले. पहिल्या वीस सेकंदांत मरणारा माणूस राउंडच्या शेवटपर्यंत जिवंत राहायला लागला, आणि भाच्याचे मित्र हसायचे ते बंद होऊन म्हणायला लागले, तुझा बाबा चीप खेळतो यार. एका रात्री भाचा माइकवर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, तू असं नको ना खेळू, एम्बॅरसिंग होतं." दाजी काही बोलले नाहीत. "बरं" म्हणाले, पुढच्या राउंडला सगळ्यांबरोबर धावत गेले आणि पहिल्या कोपऱ्यावर मेले. त्याच्या पुढच्याला पण. मी त्या मॅचमध्ये होतो, मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तूच शिकवलंयस त्याला हे, माहितीये मला." मी म्हटलं हो, मीच. मग मी त्याला त्याच्या कीबोर्डबद्दल विचारलं. त्यानं हौसेनं एक नवा कीबोर्ड घेतला होता, ज्यात डावीकडचं बटण दाबलेलं असताना उजवीकडचं दाबलं की पहिलं आपोआप सुटतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये धावताना गोळी सरळ जात नाही, थांबावं लागतं, आणि झटकन थांबायला उलट्या दिशेचं बटण बरोबर वेळेवर दाबावं लागतं, ही गोष्ट हातात बसायला लोकांना वर्षं लागतात. तो कीबोर्ड ते बोटाऐवजी स्वतः करत होता. ऑगस्ट 2024 मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्वनं त्यांच्या सर्व्हरवर हे बंद केलं, वापरलंत तर मॅचमधनं बाहेर काढणार म्हणून. भाचा म्हणाला, "मी तेव्हाच ऑफ केलं ना ते." केलं होतं, मला माहितीये, तो तसा सरळ मुलगा आहे. पण ऑगस्टच्या आधी ते चीप आहे असं त्याला किंवा त्याच्या एकाही मित्राला वाटलं नव्हतं. मी त्याला एवढंच विचारलं की यंत्रानं तुझं बोट उचललं ते चाललं, आणि बाबानं रात्री जेवणानंतर बसून वहीत भिंती काढल्या, कुठे उभं राहायचं ते पाठ केलं, ते चीप कसं काय रे?

"कसली वही?" तो म्हणाला.

त्याला माहीतच नव्हतं. एकाच घरात, मधे एक भिंत, आणि त्याला माहीत नव्हतं की पलीकडे त्याचा बाप पेन्सिलनं इन्फर्नो काढत बसतो. मी गप्प बसलो, तोही बसला. मग म्हणाला, ठेवतो, क्लास आहे.

त्यानंतर आठ-दहा दिवस आम्ही कुणीच बरोबर खेळलो नाही. मग एका शनिवारी भाच्याचा इन्व्हाइट आला, मला आणि दाजींना, बाकी दोघं त्याचे मित्र. इन्फर्नोच लागला. दाजी पहिले दोन राउंड धावत गेले आणि मेले. तिसऱ्याला बॉम्ब त्यांच्याकडे होता, आमचे चार जण पडलेले, समोरचे दोन जिवंत, दाजी बी साइटवर बॉम्ब लावून तिथेच उभे. मी मेलेलो, बोलणार होतो, पण माझ्या आधी भाचा बोलला, हळू आवाजात, "बाबा, मागे ये ना बनानात. तुझ्या त्या जागेवर."

दाजी आले. फुली असेल तिथे उभे राहिले असणार, मला दिसत होतं की ते क्रॉसहेअर थोडा वर, थोडा खाली करतायत. डिफ्यूजचा आवाज आला आणि त्यांनी टाकली. पण दुसरा जण बनानाच्या तोंडाशी आलेला होता, त्यानं दाजींना मारलं, आगीत पहिला जळून मेला तरी दुसऱ्यानं जाऊन किटनं बॉम्ब काढला. राउंड गेला. कुणी काही म्हणालं नाही.

पुढचा राउंड सुरू व्हायच्या आधी खरेदीचे ते काही सेकंद असतात, त्यात भाचा म्हणाला, "बाबा, कुठल्या कडेवर लावतोस तू? मला तर ते छप्पर कळतच नाही." आणि दाजी सांगायला लागले, की डावीकडे बघ, तिथे ती पिवळी भिंत संपते ना, तिथनं वर जायचं, जागांची नावं त्यांना अजून धड येत नाहीत, ते सगळ्याला 'ती भिंत' आणि 'तो खांब' म्हणतात. मग म्हणाले थांब, वही आणतो, आणि हेडफोन खाली ठेवल्याचा आवाज आला. राउंड सुरू झाला, आम्ही सगळे निघालो, दाजी तिथेच स्पॉनमध्ये उभे, आणि भाचाही त्यांच्या शेजारी हलला नाही.